मान डोलावणारे बैल आणि आमचे हे

आमचे हे आयुष्यात कशाला ‘हो’ म्हणाले नाहीत. आणि धंदा काय, तर मान डोलावणारे लाल बैल करायचा. इथे जपानात, आमच्या आइझूत असा कागदाचा बैल बाळाच्या उशाशी ठेवतात, म्हणजे रोगराई शिवत नाही. आमचं लग्न ठरवायला माणसं बसली तेव्हाही हे गप्पच. शेवटी सासऱ्यांनी समोरच्या बैलाच्या नाकावर टिचकी मारली आणि होकार आला म्हणून जाहीर केलं. मला पसंत केलं ते बैलाने.

साच्यावर कागद चिकटवणं, तांबडा रंग, डोळे, सगळं आमची मुलगी मित्सुए करायची. एकोणीस वर्षं. फक्त धडात दोऱ्याने मान टांगायचं काम यांचं, तिथे कुणी हात लावायचा नाही. ती दर वर्षी ‘मी टांगू का?’ विचारायची, हे दर वर्षी ‘नाही’ म्हणायचे. हात थरथरायला लागले, दोरा ओवता ओवता चहा गार व्हायचा, तरी नाहीच.

मग यंदा पलीकडच्या गल्लीतल्या हात्सुनोबाई नातवासाठी नेलेला बैल परत घेऊन आल्या.

“याला विचारलं, बाळ धडधाकट राहील ना? तर हा बघा काय म्हणतो.”

त्यांनी टिचकी मारली. बैलाने मान वर-खाली करायची सोडून आडवी हलवली. सावकाश, ठामपणे, थेट आमच्या ह्यांच्यासारखी.

मला हसू आवरेना. पण यांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. पन्नास वर्षांत एक बैल परत आला नव्हता.

मित्सुएने काही न विचारता दोरा सोडला, पुन्हा बांधला, टिचकी मारली. बैल डोलायला लागला तो थांबेचना. हात्सुनोबाई त्याच्याबरोबर मान डोलावत खुशीत घरी गेल्या.

“दोरा लांब झालाय,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर यांची बसायची उशी रंगाच्या पाटाशी सरकलेली, हातात कुंचला. दोऱ्याचं रीळ मित्सुएच्या जागेवर.

आता डोळे हे काढतात. परवा एक बैल चांगलाच तिरळा झाला.

“बाबा, हा डोळा पुसून मी परत काढू?”

“नाही.”

मित्सुए बरं म्हणाली आणि तिने तो तसाच दुकानाच्या खिडकीत मांडला. कुणी तक्रार घेऊन आलंच, तर त्याच्याशी मी बोलेन.