व्याह्यांचं गाऱ्हाणं

रेडीपासून देवगडपर्यंत अख्खा किनारा पालथा घाला, वाक्य संपल्यावर खरोखर थांबणारा माणूस तुम्हाला एकच सापडेल, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. आम्ही शिरोड्याची माणसं. आमचं एक वाक्य संपायच्या आत पुढची दोन-तीन दारात येऊन उभी असतात. व्याही मिठबावचे, लहान मुलांचे डॉक्टर, आता निवृत्त. लग्नानंतरच्या पूजेला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "विहीणबाई, हात धुवा." एवढं बोलून गप्प. मी हात धुतले. ते धुतले गेल्याची खात्री करून घेत म्हणाले, "आता पाटार बसा." पुन्हा शांतता. मी बसले. मग म्हणाले, "आता जेवा." माझी धाकटी बहीण घाबरून माझ्या कानात पुटपुटली, "गो, मुलाच्या बापाक काय होता काय? आधी चवकशी करूक होयी होती." पण तोवर मंगळसूत्र बांधून झालं होतं.

फोनवर तर हा माणूस म्हणजे शिक्षाच. एकदा फोन आला, "विहीणबाई, पेटी धाडलंय." आणि पुढे काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. मी हॅलो हॅलो करत विहिरीपाशी गेले, तिथून गोठ्यामागे, शेवटी साडी खोचून परसाच्या दगडी गडग्यावर चढले. वर पोचल्यावर शांत आवाज आला, "मी काय सांगलंय?" म्हटलं, पेटी धाडलीत. "कसली?" म्हटलं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत! "बरोबर," व्याही पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखे खूश झाले, आणि तेव्हा कुठे आंब्यांचा उल्लेख झाला. त्यांची बायको सांगते, लग्न झालं तेव्हा हे एकदा बोलायला लागले की दूध उतू जायचं तरी थांबायचे नाहीत. हे थांबणं त्यांनी म्हातारपणी मुद्दाम अंगी बाणवलं आहे, आणि ते सुलूसाठी.

सुलू त्यांच्या शेजारी राहते. विशीतली, हसरी, बोलायला चुरचुरीत. ती पोटात होती तेव्हा तिच्या आईला दारूची सवय लागली होती. सवय पुढे सुटली, पण बाळाच्या मेंदूवर व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता, आणि तो जन्मभराचा असतो. याला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. व्याही ते एका दमात म्हणतात आणि ऐकणाऱ्याची माफी मागतात. सुलूला फिट्स येतात. सांगितलेलं तिच्या डोक्यातून निसटून जातं. आणि कुणी काहीही सांगितलं तरी ती हसून "होय" म्हणते, कारण नाही म्हटलं की माणसं रागावतात हे तिला लहानपणीच कळलं होतं. दवाखान्यात तिला एका श्वासात सगळं सांगत, ती होय म्हणे, आणि गोळ्या चुकल्या की "मुद्दाम करते, हट्टी आहे" असा शिक्का बसे. एक दिवस तिथल्या तरुण डॉक्टरांनी भरल्या रांगेसमोर तिच्या आईला विचारलं, "पोटात असताना किती प्यायचीस?" त्या दिवसापासून आईने दवाखान्याची पायरी चढायचं सोडलं. गोळ्या संपल्या, फिट्स वाढल्या, सुलू एकदा चुलीपाशी पडली आणि हात भाजण्यावर निभावलं. तरी आई व्याह्यांना म्हणाली, "डॉक्टरानू, तिका घेवन मी खंयय जाईन, पण थंय जावचंय नाय."

दुसरा कुणी असता तर आईला चार उपदेशाच्या गोष्टी सांगून मोकळा झाला असता. व्याही म्हणाले, आईचं काही चुकत नाही, आधी दवाखान्याला शिकवायला हवं. पण तोवर गोळ्या तर सुरू व्हायला हव्यात. म्हणून त्यांनी स्वतः जाऊन आणल्या आणि सुलूसाठी पाकिटांवर चित्रं काढली. व्याह्यांची चित्रकला हा वेगळाच आजार आहे. सकाळच्या पाकिटावर त्यांनी सूर्य काढला. सुलूने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ह्यो फणस." रात्रीच्या पाकिटावर चंद्रकोर होती, तिची खोबऱ्याची वाटी झाली. मी म्हटलं, अहो, नीट काढून घ्या कुणाकडून तरी. व्याही म्हणाले, "विहीणबाई, तिका कळला. माझा काम झाला." तेव्हापासून सकाळी फणस, रात्री खोबरं. गोळ्या चुकायच्या बंद झाल्या. पण वर्ष होत आलं तरी एकदाही कुणी तपासून कमीजास्त केल्या नव्हत्या, त्यामुळे दवाखान्यात जाणं भागच होतं.

मग व्याह्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टर, नर्स आणि आशाताईंना जमवून एक शिबिर घेतलं. त्यात माझ्याकडे मिक्सर होता. हो, मिक्सर. डॉक्टरमंडळींना सुलूच्या डोक्यात काय होत असेल ते जाणवावं म्हणून त्यांच्या हातांत जाडजूड मोजे घालून सुईत दोरा ओवायला लावला. मी कानाशी मिक्सर फिरवायचा, माझ्या बहिणीने मासळीच्या लिलावासारखं ओरडायचं, आणि व्याह्यांनी मधूनमधून "अजून जमला नाय? हट्टी आसास!" म्हणायचं. एक नर्स रडकुंडीला आली. तरुण डॉक्टरांनी सुई फेकली. माझ्या मिक्सरमध्ये काहीतरी असावं म्हणून मी शेंगदाणे घातले होते, त्यांचा कूट मी नंतर घरी घेऊन आले.

जेवणाआधी व्याही उठले आणि त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. एकाने देवाला लांबलचक साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं, हे रक्तातच असतं. "बा देवा म्हाराजा! सकाळची गोळी अर्धी आसा!" सगळे बेंबीच्या देठापासून म्हणाले, "होय म्हाराजा!" "ती जेवल्यार घेवची आसा!" "होय म्हाराजा!" "रातची अख्खी, पण जेवच्याआधी! रक्त तपासूक उपाशी येवचा! येताना जुनो कागद हाडूचो, नवो घराकडे ठेवचो!" होय म्हाराजा, होय म्हाराजा, सभागृह दणाणून गेलं. सगळ्यात मोठा आवाज तरुण डॉक्टरांचा. व्याही थांबले, त्यांच्याकडे वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, घराकडे कुठलो कागद ठेवचो?" डॉक्टरांनी आधी नर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मिक्सरकडे. कुणालाच सांगता येईना. व्याही म्हणाले, "सुलू पण असाच होय म्हणता." आणि जेवायला बसले.

दोनच दिवसांनी ते डॉक्टर सुलूच्या घरापुढच्या खळ्यात आले. मीही तिथे होते. ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी माझं चुकलं." एवढंच, आणि शिबिरात शिकवल्याप्रमाणे थांबले. ती शांतता मला इतकी असह्य झाली की मी तोंड उघडलं, पण व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते परत मिटलं. शेवटी सुलूची आई म्हणाली, "बसा. चाय टाकतंय." पुढच्या सोमवारी मायलेकी दवाखान्यात गेल्या. महिन्याभरात तिथली औषधवाली बाईसुद्धा "फणसाची गोळी" म्हणायला लागली.

सगळं गोड झालं असं सांगून मला थांबता आलं असतं, पण सरकारी डॉक्टर म्हणजे बदली आलीच. ते गेले, नव्या बाई आल्या. व्याही आता थकलेत. जिना चढताना त्यांना दम लागतो. "परत गाऱ्हाणा घालूक होया," म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. नव्या बाईंकडे पहिल्यांदा जायच्या दिवशी सुलू आईबरोबर आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. नव्या बाई स्वभावाने गोड, पण रांग मोठी, त्यामुळे त्यांनी गोळ्या, तपासण्या, तारखा सगळं एका श्वासात सांगून टाकलं आणि विचारलं, "समजलं ना?" मला वाटलं, आता ही हसून होय म्हणणार.  पण सुलूचा आवाज आला, "माका समजला नाय. एक एक सांगा."

बाई आत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या, सावकाश. व्याह्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मलाही काही बोलायला सुचेना, आणि हे माझ्या आयुष्यात फारदा झालेलं नाही. परतताना गाडीत मिठबाव येईपर्यंत ते फक्त एवढंच म्हणाले, "विहीणबाई, ऐकलास?" मी होय म्हटलं आणि सवयीने पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. ते काही आलं नाही.