निर्माल्यातल्या गोळ्या

विश्रांतवाडीत डॉक्टर मंदाकिनीबाईंचा दवाखाना तीस वर्षांचा, आणि त्यांचं पेशंटवर खेकसणंही तितकंच जुनं. महिन्यापूर्वी नवरा गेलेल्या दुर्गाबाई बीपी तपासून घेताना म्हणाल्या, "यांच्या उरलेल्या गोळ्या कचऱ्यात कशा टाकू? निर्माल्याबरोबर नदीत सोडते."

"नदीत? अहो, डोकं ठिकाणावर आहे का? ते औषध माशांच्या पोटात जातं!"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावू लागले. दुर्गाबाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. न फोडलेल्या पाकिटांचा ढीग पडला आणि वर चिठ्ठी. अक्षर मंदाकिनीबाईंचंच होतं.

"शेवटी त्यांना पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "तरी तुम्ही तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्यात."