दाजींची शेवटची फ्रिगेट

ज्या आठवड्यात दाजींचं काम सुटलं, त्याच आठवड्यात मी त्यांचा जाहीर सत्कार केला. फेटा, शाल, हार, फ्लेक्स, लाउडस्पीकर. कशात म्हणून काही कमी पडू दिलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गाव जळकोटच्या अलीकडचं, पण माणूस कित्येक वर्षं मुंबईच्या गोदीत, एका ठेकेदाराकडे वेल्डर. तिथं नौदलासाठी नव्या वर्गाच्या फ्रिगेट बांधायचं काम चालू होतं. फ्रिगेट म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका, हे मला दाजींनी नव्हे, मोबाइलनं सांगितलं. दाजींना विचारलं की ते म्हणायचे, "लोखंड हाय. लई लोखंड." त्यांचं वर्णन तिथं संपायचं आणि माझं तिथून सुरू व्हायचं.

मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवतो. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत, तोही ओहोटीला. म्हणजे खरं तर चिखलच पाहिला. पण स्टाफरूममध्ये मी "आमची फ्रिगेट" असंच म्हणायचो. ही बोट शत्रूच्या रडारला दिसत नाही म्हणे, ती कशी काय, असं गणिताच्या सरांनी एकदा खोचकपणे विचारलं. मी म्हणालो, "ते आम्हाला सांगता येत नाही." आम्हाला. ते बिचारे ओशाळून चहा प्यायला लागले.

तर एके दिवशी बातमी आली की दाजींच्या गोदीतली या वर्गातली शेवटची फ्रिगेट नौदलाच्या ताब्यात दिली. मी शाळेत पेढे वाटले. घर बांधून झालं की गवंडी सामान उचलतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं स्वतःचं घर बांधून झालं तेव्हा गवंड्याला मीच रिक्षात बसवून दिलं होतं. पण जहाजाच्या बाबतीत ते काही केल्या डोक्यात शिरलं नाही.

दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. "सकाळच्या गाडीनं नांदेडला येऊन राहिलो. गावाकडं जायच्या आधी तुमच्याकडं येतो." मी स्टेशनवर हार घेऊन गेलो. दाजी डब्यातून उतरले ते पत्र्याची पेटी, दोरीनं बांधलेली गादी आणि प्लॅस्टिकची निळी बादली घेऊन. बादलीत मग, मगात दाढीचं सामान. मी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि मोठ्या अदबीनं बादली माझ्या हातात घेतली. सुट्टीवर येणारा माणूस बादली घेऊन येत नाही, हे कळायला भूगोल लागत नाही. मी ती स्टेशनपासून घरापर्यंत मांडीवर घेऊन आलो आणि रिक्षावाल्याला सांगत राहिलो की मागं बसलेत त्यांनी युद्धनौका बांधली आहे.

घरी चहा झाला. दाजी बशीकडं बघत म्हणाले, "सर, जरा बोलायचं होतं."

मला ते सर म्हणतात. मेव्हणा म्हणून चेष्टेनं आणि मास्तर म्हणून आदरानं, दोन्ही त्यात आलं.

"बोला की. आधी हे बघा." मी मोबाइल पुढं केला. फ्रिगेट नौदलाच्या ताब्यात देतानाचा व्हिडिओ होता. बँड, पांढरे गणवेश, झेंडा. "ह्यात तुम्ही कुठं आहात?"

"आम्हाला त्या दिवशी आत सोडलं न्हाई."

"सुरक्षा असणारच," मी म्हणालो.

त्यांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "तुमच्यासोबत कॉलेजला होते ते, आपल्याकडच्या साखर कारखान्यात हायेत न्हवं? कामगार अधिकारी?"

"आहे की. का हो?"

"त्यांना एकदा भेटायचं होतं. आन् आक्काला इतक्यात काही बोलू नका."

बघा, एवढं स्पष्ट सांगितलं होतं माणसानं. हंगामाच्या आधी कारखान्यात दुरुस्तीची कामं निघतात, वेल्डर घेतात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी काय अर्थ काढावा? दाजींना आपला सत्कार मोठ्या माणसाच्या हातून हवाय, आणि आक्काला अचानक दाखवायचाय. मी डोळा मारून म्हणालो, "समजलं. तुम्ही काहीच बोलू नका. सगळं माझ्यावर सोडा."

दाजींचा चेहरा एकदम सैल झाला. "लई उपकार झाले, सर," म्हणाले. मला ती नम्रता वाटली.

मित्राला फोन केला, तो प्रमुख पाहुणा म्हणून यायला आनंदानं तयार झाला. जळकोटच्या फ्लेक्सवाल्यानं इंटरनेटवरून एक बोट उतरवून घेतली, पण तिच्यावर दुसऱ्याच कुठल्या देशाचा झेंडा निघाला. तो झाकायला त्यानं दाजींचा फोटो मोठा केला. मजकूर माझा: "युद्धनौकेचे शिल्पकार, आपल्या मातीचा अभिमान". रविवारी संध्याकाळी दाजींच्या गावात विहारासमोर मंडप घातला. निम्म्या गावाचं सोयाबीन पाण्यात होतं, तरी माणसं आली. कदाचित म्हणूनच आली.

वंदना झाली, सगळे खाली बसले. दाजी तोवर माझ्याकडंच होते. "थोडा कार्यक्रम आहे" एवढंच सांगून मी त्यांना नांदेडहून थेट मंडपात आणलं होतं, सामान तेवढं पोरांकरवी घरी पाठवलं. फ्लेक्स बघून ते जागीच थांबले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, हे काय करून राहिलात? साहेबांशी बोलणार होतात न्हवं तुम्ही?"

"बोललो की. ते बघा आलेत."

मग फेटा बांधला गेला आणि फेटा बांधलेल्या माणसाला आमच्याकडं पळून जाता येत नाही.

मित्र उभा राहिला. मनापासून बोलला, तीच पंचाईत झाली. म्हणाला, "आमच्या कारखान्यात सध्या दोन वेल्डर घ्यायचे आहेत. पण अशा माणसाला आमच्याकडं या म्हणायची माझी हिंमत न्हाई. ज्यांनी युद्धनौका जोडली, त्यांनी काय आमच्या उसाच्या रसाच्या पायपा जोडायच्या?" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या ते सांगायला नको. मग तो दाजींकडं वळला. "भाऊ, तुम्हीच आता दोन गरजू माणसं सुचवा. तुमच्या शब्दावर उद्या घेतो."

माइक दाजींच्या हातात आला. मी पुढच्याच खुर्चीत होतो, मोबाइलवर शूटिंग करत. त्यामुळं ते दृश्य माझ्याकडं आजही आहे. दाजी आधी पाहुण्याकडं बघतात, मग माझ्याकडं, मग बायकांच्या बाजूला बसलेल्या आक्काकडं. आक्का पदर सावरून ताठ बसलेली आहे. इतकी ताठ मी तिला लग्नातही बसलेली पाहिली नव्हती. दाजी घसा साफ करतात आणि दोन माणसांची नावं घेतात. एक शेजारच्या आळीतला, एक त्यांच्या चुलतभावाचा जावई. मग "जयभीम" म्हणून खाली बसतात.

आक्काच्या घरी परतलो. आक्कानं शाल घडी करून ठेवली, हार फोटोला घातला. मग न्हाणीत गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला.

"बादली कामून आणली हो मुंबईची?"

ती बादली हातात घेऊन बाहेर आली. मग कोपऱ्यातल्या गादीकडं तिचं लक्ष गेलं, पेटीकडं गेलं. दाजी फेटा सोडत होते. फेटा लांब होता, सुटतच नव्हता.

"संपली बोट," ते म्हणाले. "ठेकेदारानं गोदीचे पास जमा करून घेतले सगळ्यांचे. इथं काम लागलं की मग तुला सांगावं म्हनलं."

"आन् लागणार होतं?"

दाजी फेटा सोडत राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी मात्र त्या क्षणापासून आजपर्यंत अनेकांकडं बघत आलोय, कुणीतरी माझ्या बाजूनं दोन शब्द बोलेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन कारखान्यावर गेलो. काम दाजींनाच हवंय म्हटल्यावर मित्र आधी हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग हसायचा थांबला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. दाजींनी सुचवलेली दोघं सकाळीच येऊन कामाला लागली होती. त्यातला एक धावत येऊन दाजींच्या पाया पडला.

"मला आधी एका शब्दानं सांगायचं होतंस," मित्र मला म्हणाला. "पुढच्या हंगामाला बघू." पुढच्या हंगामाला ऊस किती असेल, कारखाना चालेल का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. परत येताना मोटारसायकलवर दाजी मागं बसले होते. देवणीच्या एका माणसाला म्हणे गेटं बनवायला वेल्डर पाहिजे होता, तिकडं वाट वाकडी करून गेलो. त्यानं दाजींना ओळखलं. फ्लेक्सचा फोटो त्याच्या मोबाइलवर पोचला होता. "तुम्ही आन् माझ्याकडं?" म्हणून त्यानं चहा पाजला, गप्पा मारल्या. काम दिलं नाही.

आता दाजी घरीच असतात. ठेकेदाराला फोन लावला तर तो म्हणतो, पुढच्या पिढीच्या फ्रिगेट यायच्यात, मंजुरी झाली की बोलावतो. मंजुरी, निविदा, आराखडा, मग लोखंड कापायला सुरुवात. दाजींची नजर तोवर वेल्डिंगला राहील का, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. आक्का दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. फ्लेक्स गोठ्यावर टाकलाय. पत्रा गळतो तिथंच बरोबर बोट येते. एवढाच काय तो तिचा पाण्याशी संबंध.

मी अजूनही नौदलाच्या बातम्या वाचतो. सवय सुटत नाही. परवा पेपरात नव्या फ्रिगेटबद्दल काहीतरी आलं, तर राहवलं नाही, आक्काला फोन लावला. म्हटलं, "आक्का, चांगली बातमी दिसतेय. दाजींना सांग."

"त्यांना न्हाई सांगत," ती म्हणाली. पलीकडं खुरप्यांचा आवाज येत होता. "आन् ऐक. उद्या त्यांना कुठं काम लागलं ना, तर साऱ्या गावाला सांगीन, फकस्त तुला सांगणार न्हाई."

फोन तिनंच ठेवला.