वृंदाने देवाला विचारलेला प्रश्न

मोपाच्या विमानतळावर वृंदाला आणायला आम्ही नेहमी ज्या दारापाशी उभे राहायचो, तिथून ती या वेळी येणार नव्हती. शवपेटी मालाच्या बाजूने येते, हे तिथल्या माणसाने हळू आवाजात सांगितलं. परराज्यातल्या तिच्या प्रयोगशाळेतच हृदय बंद पडलं... वृंदा, माझी नणंद, सासूबाईंची एकुलती लेक. महिना उलटून गेला, तरी मला रडण्यापेक्षा संतापच जास्त येतो. एवढी घाई कसली होती हिला?

नैराश्यात मेंदूचं काय होतं, याचा ती अभ्यास करायची. प्रयोग उंदरांवर. मुळगावात तिची थट्टा व्हायची, "उंदरांक कसलें गो दुख्ख?" ती हसून म्हणायची, "तेंच सोदतां." मीही हसायचे. मग लग्नानंतर काही वर्षांनी मीच आडवी झाले. नवरा भला, शेत पिकतं, आणि मला केस विंचरायलाही हात उचलवेना. शेजारणी येऊन विचारायच्या, "तुका कितें उणें आसा?" मरून गेलेलं बरं, असं रोज वाटायचं, आणि ते सांगायचीसुद्धा लाज वाटायची.

वृंदा रजा टाकून आली, मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या मिळाल्या, पण औषधावरून सासूबाई अडून बसल्या, "देवाक विचारल्याबगर वखद दिवपाचें ना." मला वाटलं, आता ही विदुषी भांडणार. पण ती म्हणाली, "विचारूंया आई. पूण कितें विचारप तें हांव सांगतां." देवळात पुजाऱ्याने कौलासाठी मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या, जी आधी पडेल ते देवाचं उत्तर, आणि वृंदाने त्याच्याकडून गाऱ्हाणं घालून घेतलं: गोळी सकाळी घ्यायची असेल तर उजवी पाकळी दे, रात्री घ्यायची असेल तर डावी. डॉक्टरांना दोन्ही वेळा चालणार होत्या. घ्यायची की नाही, हा प्रश्न तिने देवापुढे येऊच दिला नाही! उजवी पडली. त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन माझ्या उशाशी हजर, देवाचा शब्द म्हणून.

पहिले काही आठवडे काहीच फरक पडेना. वृंदा फोनवर समजवायची, "वैनी, गोळी पोटांत गेली म्हणून मेंदवांत नव्यो जोडण्यो लगेच फुटनात. वेळ लागता. तो वेळ तूं कशीय काड." तिचं सगळं संशोधन त्या मधल्या वेळावरच होतं. आणि नाहीच लागू पडली तर? "कोणाक लागू पडना, कित्याक तें आमकां अजून कळूंक ना. मागीर दुसरी पळोवंया." ही नाही तर दुसरी गोळी, एवढंच. खोटा धीर तिने कधी दिला नाही, म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला. मी उठले.

आता सासूबाई उठत नाहीत. वृंदाच्या खोलीत, तिच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पेज तशीच निवून जाते. डॉक्टरांकडे जाऊया म्हटलं, तर म्हणाल्या, "माका बरें जावपाचेंच ना गो. हांव बरी जाल्यार म्हजी चली खंय उरतली?" त्या बऱ्या झाल्या, तर त्यांची लेक उरणार कुठे! हे दुःख आहे की आजार? दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो, हे मी जिला विचारलं असतं, तीच गेली. नवरा दाराशी येतो, डोळे पुसतो आणि कामाला निघून जातो.

काल मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी सरकून जागा केली, मी आडवी झाले. खाट एकीपुरतीच, पण दोघी मावलो. फार बरं वाटलं... आणि तेवढीच भीती वाटली. हे आडवं होणं मी ओळखते. या वेळी मी उठले नाही, तर आम्हां दोघींना उठवायला या घरात आता कोणी नाही.