टेलला आलेलं अपडेट

कुणी चहा पुढे केला की नाना कपाकडे बघायचे नाहीत, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. टक लावून, कपाळाला आठ्या घालून. बदली होऊन त्यांच्या घरात भाड्याने राहायला आले त्या दिवशी मलाही हा प्रसाद मिळाला. मी विचारलं, "साखर कमी पडली का नाना?" माझ्या ओठांवरची नजर न हलवता ते म्हणाले, "साखरंचं नाय. बोलताय काय आन् मनात काय हाय, ते बघतोय." झालं! म्हटलं, अख्ख्या जुन्नर तालुक्यात मला नेमकं हेच घर मिळायचं होतं.

नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मधे हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. मी तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा चाकणला कंपनीत, बायकापोरांसह तिकडेच. नाना एकटे. भाकरी स्वतः थापायचे, कारण "दुसऱ्याच्या हातचं पीठ कुठनं दळून आलं, कुणाला ठावं?"

संशयाचं हे रोपटं काही आभाळातून पडलेलं नव्हतं. नानांची जमीन चारीच्या टेलला, म्हणजे कालव्यातून निघालेल्या पाटाच्या पार शेपटाला. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की वरच्यांची शेतं तुडुंब व्हायची आणि टेलला पाणी येता येता आटून जायचं. कचेरीत विचारावं तर ठरलेलं उत्तर, "पाणी सोडलेलं आहे." मग नाना खांद्यावर कुदळ टाकून चारीच्या कडेकडेने थेट वरपर्यंत चालत जायचे आणि कुणी कुठे चारी फोडून पाणी वळवलंय ते शोधून काढायचे. आणि गंमत म्हणजे, दर वेळी कुणीतरी फोडलेली असायचीच! जन्मभर ज्याचा संशय खरा ठरला, त्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर? "पाणी आन् माणूस," ते म्हणायचे, "आपल्यापर्यंत काय आलं ते बघू नये. वरनं किती निघालं ते बघावं."

या चारीच्या फेऱ्यांत त्यांचा जोडीदार एकच, सोपानराव. शेजारचंच शेत, तेही टेलला. लहानपणापासूनची जोडी, नानांना नावाने 'भिवा' म्हणणारे गावात तेवढेच. पण मी गावात आले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. कारण काय, तर सोपानरावांच्या नातवाच्या साखरपुड्यात सोपानराव चार लोकांत काहीतरी बोलले, सगळे नानांकडे बघून हसले, आणि नाना जेवणाच्या पंगतीतून उठून आले. "काय बोलले ते?" मी विचारलं. नाना म्हणाले, "त्याचाच तर शोध चाललाय." त्यानंतर डेअरीसमोरच्या कट्ट्यावर नानांनी बसणं सोडलं. सगळा कट्टा आपल्याविषयी बोलतो, याबद्दल त्यांची खात्रीच पटलेली होती.

मग फोनचं प्रकरण आलं. मला नवा फोन घ्यायचा होता, नाना म्हणाले मीही येतो. नारायणगावच्या दुकानात दोघांनी एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा, अगदी एकाच निळ्या रंगाचा फोन घेतला. पोरं पाढे म्हणतात तसा दुकानदार भराभर सांगत होता, बॅटरी अमुक, कॅमेरा तमुक. नाना कंटाळलेले. शेवटी तो म्हणाला, "आणि काका, आता मोठं अपडेट यायचंय. त्यात समोरचा जे बोलंल ते मराठीत लिहून येणार स्क्रीनवर." नानांनी त्याला हे वाक्य तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा तो बिल करायला खाली वाकून बोलला, तर नानांनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

परतीच्या जीपमध्ये माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चहा देणाऱ्याच्या तोंडाकडे बघणं, मागून बोललं की उत्तर न देणं, कट्टा सोडणं. मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "नाना, तुम्हाला ऐकू येत नाही ना?" त्यांनी आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग मागच्या बायकांकडे, आणि मला दटावलं, "हळू बोला!"

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कानाचं मशीन का घेत नाही विचारलं, तर म्हणाले, "मशीन घातलं की गावाला दिसतं. फोन काय, सगळ्यांच्याच हातात असतो." मी म्हटलं, असं लिहून दाखवणारं ॲप आजही मिळतं, लगेच टाकून देते. तर अंगावरच आले. "परक्याचं मी फोनात घेणार नाय. फुकट देतोय म्हंजी कुठंतरी पाणी मुरतंय. जे यायचं ते कंपनीकडनं सरळ येऊ द्या. मग मी त्या सोपानच्या म्होरं बसतो आन् लेखी घेतो, त्या दिशी काय बोलला ते." तर नानांचं अडलं होतं ते इथे. लहानपणापासूनचा मित्र राहतो की जातो, हे त्यांनी त्या अपडेटवर टांगून ठेवलं होतं. वर मला बजावलं, सोपानला यातलं काही कळता कामा नये.

मग सुरू झालं वाट बघणं. रोज संध्याकाळी नाना चष्मा लावून ओट्यावर बसायचे आणि अपडेट तपासायचं बटण दाबायचे. फोन सांगायचा, तुमचा फोन अद्ययावत आहे. "हे म्हणतंय कोण?" नाना चिडायचे. "ज्याला द्यायचं न्हाई तोच म्हणणार की, आलंय म्हणून. कचेरीत आन् यात फरक काय?" मी समजावलं की अपडेट सगळ्यांना एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतं. मी हे बोलायला नको होतं. नाना ताडकन म्हणाले, "म्हंजी आवर्तन! हेडला आधी, टेलला मागनं. मला शिकवू नका बाई."

आणि म्हातारा चारीच्या उलट दिशेने निघाला. पायी नव्हे, फोनवर. बोलणं ऐकू येत नसल्यामुळे संदेश लिहून. चाकणला मुलाला विचारलं, आलं का? आलं. मंचरच्या व्याह्यांना विचारलं, आलं का? आलं. नारायणगावच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याला नाही. नानांचे डोळे चमकले. "मंचरपातुर आलं, नारायणगावला न्हाई. मधी कुणीतरी दारं फोडलंय!" मी म्हटलं, नाना, ते काय पाटाने वाहत येतं का? पण त्यांचा नकाशा पक्का झाला होता. मग एक दिवस आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याला अपडेट मिळाल्याचं कळलं आणि नाना खचूनच गेले. आळेफाटा आमच्याही पुढे. "आपल्या रानाला वळसा घालून पुढं गेलं की हो," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यावर कडी म्हणजे, अपडेट आधी माझ्या फोनला आलं. मी घरी येऊन आनंदाने दाखवायला गेले. नानांनी दोन्ही फोन बाजेवर शेजारी शेजारी ठेवले, उलटेसुलटे केले. "दुकान तेच, दिवस तोच, फोन तोच. फरक काय? तुमी सरकारी माणूस. कुणाला सांगितलंत, ते तरी बोला." मी शपथा घेतल्या. म्हटलं, माझा फोन घ्या, आत्ता चला सोपानरावांकडे. नानांनी मान हलवली. "तुमच्या फोनात तुमच्या बाजूनं यायचं. मला माझ्याच फोनात पायजे." मला खरंच राग आला. दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी तेच चहा घेऊन आले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्या नजरेपुढे राग टिकत नसे.

तेवढ्यात ते नारायणगावला जाऊन दुकानदाराशी भांडून आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या फोनवर अपडेट हजर! झालं, म्हणजे दुकानदारानेच दाबून ठेवलं होतं हे सिद्ध झालं. पण नाना बटण दाबायला तयार नाहीत. "आजच का आलं? काल का न्हाई?" मग 'मी सहमत आहे' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "कशाला सहमत? वाचा सगळं." मी वाचत होते, ते ओठ बघत होते. काही गोष्टींना त्यांनी मान डोलावली, काहींना नाही, आणि शेवटी डोळे मिटून बटण दाबलं. फोन बंद होऊन काळा पडला, परत चालू होईपर्यंत नाना पाणी येण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे वाकून बसले होते.

ती सोय मी चालू करून दिली. समोर उभं राहून म्हटलं, "नाना, चहा झाला का?" अक्षरं उमटली. त्यांनी मान हलवली. "हे तर मला तुमच्या तोंडावरनं बी कळलं. आता तोंडाला पदर लावा." मी पदर तोंडावर धरला आणि म्हटलं, "नाना, तुम्ही फार हट्टी आहात." फोनवर उमटलं, जसंच्या तसं. नानांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पंच्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "बोला की अजून," म्हणाले. मी पदराआडून काय काय बोलत राहिले, भाजीचे भाव, शाळेतली पोरं. डोळ्यांत पाणी येत होतं ते पदराला पुसता आलं, एवढं बरं.

त्या संध्याकाळी मी डेअरीवर दूध आणायला गेले, तर नाना कट्ट्यावर! हातात फोन, मान खाली. संदेश वाचताहेत असं कुणालाही वाटावं. कट्ट्यावर गप्पा चालू होत्या. थोड्या वेळाने ते माझ्याजवळ आले, चेहरा पडलेला. "बाई, बिबट्या."

"काय बिबट्या?"

"बिबट्यावर बोलत्यात. मळ्यात दिसला म्हणं. मग टमाट्याचा भाव. मग परत बिबट्या. माझ्यावर एक शब्द न्हाई!" एवढे दिवस ज्यांच्या कुजबुजीने माणसाची झोप उडाली होती, त्यांच्या बोलण्यात आपण नाहीच, हे त्यांना फार लागलं. निंदा परवडली असती.

सोपानराव दुधाच्या किटल्या रिकाम्या करून आले. नाना सरळ त्यांच्यापुढे गेले आणि फोन दोघांच्या मधे धरला. "बोल. नातवाच्या साखरपुड्यात माझ्यावर काय बोलला व्हतास? हितं बोल."

सोपानरावांचा भडका उडाला. "हसलो असंल! तुज्यावर न्हाई हसायचं तर कुणावर रं? आन् तू मला इचारतोस व्हय? रोज सकाळी दूध घेऊन जाताना तुज्या रानापाशी गाडी थांबवून हाका मारतो मी, भिवा, ए भिवा! मान तरी वळवलीस का कदी? म्हटलं, चाकणचा पैसा आला, आता आमी कुठं दिसनार!"

नाना वाचत होते. अक्षरं पुढे सरकत होती तसं त्यांचं बोट हलत होतं. वाचून झालं, फोन खिशात घातला आणि घराकडे चालू लागले. सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुपित राखायचं वचन दिलेलं, मी काय सांगणार? नुसतं कानाकडे बोट करून नकाराची मान हलवली. सोपानराव किटल्यांपाशी खाली बसले, हे मी पाहिलं.

घरी नाना येरझाऱ्या घालत होते. "हाका मारतो म्हणं! कशावरनं? रोज मारल्या तर त्या गेल्या कुठं?" बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या रानातली बाज चारीकडे तोंड करून असायची, पाणी येतंय का बघायला. रस्ता पाठीमागे. हे त्यांनाही त्याच क्षणी उमगलं असणार, कारण ते हळूच खाली बसले. "उद्या रविवार हाय," म्हणाले. "तुमी चला. साक्षीदार पायजे."

रविवारी सकाळी मी त्यांच्या रानात. नाना रोजच्यासारखे बाजेवर, चारीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. फोन समोर दगडाला टेकवून उभा केलेला. मी म्हटलं, "नाना, रस्त्याकडे तोंड करून बसा की." तर म्हणाले, "मग मी बघितलं म्हणून त्यानं हाक मारली, असं व्हईल." कचेरीतल्या साहेबालाही एवढा पुरावा लागत नाही.

किटल्यांचा खडखडाट आला. गाडी थांबली. सोपानराव खाली उतरले. मला वाटलं, आता त्यांना सगळं ठाऊक आहे, जवळ येऊन खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी तसं केलं नाही. बांधापाशीच उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि नेहमीच्या ठिकाणावरून नेहमीसारखी हाक मारली. "भिवा! ए भिवा!"

फोनवर अक्षरं उमटली. भिवा ए भिवा.

नाना त्या अक्षरांकडे बघत राहिले. किती सकाळी याच हाका त्यांच्या पाठीवर येऊन पडल्या असतील, त्या सगळ्या ते आता वाचत होते असं मला वाटलं. त्यांचे खांदे हलत होते. मागे सोपानरावांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा अक्षरं आली. त्यानंतरची तीनेक वर्षं, नाना जाईपर्यंत, ती हाक रोज येत होती आणि रोज वाचली जात होती. पण त्या पहिल्या सकाळी त्यांनी बाहीने तोंड पुसलं, सावकाश मान वळवली आणि आख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"ऐकलं रं, ऐकलं! बोंबलतोस कशाला? बहिरा हाय का मी?"

सोपानराव बांधावरून तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "न्हाई बा, कोण म्हणतं?" आणि किटल्या तशाच टाकून बाजेकडे आले.