सर्व्हरच्या जाळीवरचा हार

काय वैताग आहे! फोटो साठवणारा आमचा जुना सर्व्हर आज तिसऱ्यांदा तापून बंद पडला. लोकांच्या बारशांचे, लग्नांचे फोटो आहेत त्यावर, आणि नव्या मशीनवर निम्मेच पोचलेत. जाऊन बघतो, तर हवा आत घेणाऱ्या जाळीवर दसऱ्याचा झेंडूचा हार! ज्याच्या पाया पडतो, त्याला श्वास घेता येतोय का, हे आपण बघतच नाही का? माणसांचंही असंच करतो बहुतेक.

"पूजेचा आहे रे, विचारून काढ," आमचे जुने टेक्निशियन माने काका म्हणाले.

"कुणाला विचारू, मशीनला?"

मी हार ओढलाच, बटण दाबलं. पंखे घरघरले. काकांनी हात जोडले.

"तूही जोड. निम्मे फोटो अजून यायचेत."

चिडलो होतो, तरी जोडले.