पातेल्यातला पंप

सकाळी उठून अख्खं लातूर आभाळाकडे बघायचं आणि आमचे शरणप्पा पातेल्याकडे. दुष्काळाचं साल. लोक घागरीसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होते, आणि हा माणूस पितळी पातेलंभर पाणी घेऊन ओट्यावर बसायचा. दम्याच्या पंपातून अंगठ्याएवढी पत्र्याची बाटली काढून ती पाण्यात सोडायचा आणि बगळ्यासारखी नजर लावायचा. बाटली बुडाली, की भरलेली. उभी तरंगली, की अर्धी. आडवी पडली, की संपली. अप्पांचा दिवस त्यावर ठरायचा. मग तेच पाणी दारातल्या बेलाच्या रोपाला. अप्पांनी नवा देव काढलाय अशी गल्लीत बोलवा होती. दोन म्हाताऱ्या तर पातेल्याला लांबून नमस्कार करून जायच्या. खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो. अजून झडलेली नाही.

दम्याचा माणूस, आणि वडिलोपार्जित धंदा मिरची कांडपाचा! गिरणी सुरू झाली की रेणापूरची एसटी वळणावर शिंकायची. ड्रायव्हर नव्हे, एसटी. एवढ्यावर भागलं नाही म्हणून अप्पांना नाद कबड्डीचा. जो खेळ एका श्वासावर चालतो, तोच नेमका. चढाईला गेले की समोरचे खेळाडू कणसासारखे वाकत. मी त्यांच्या संघातला कोपरा सांभाळणारा. एकदा धीर करून विचारलं, "अप्पा, एवढे खेळ पडलेत, श्वासाच्याच खेळात कशाला मरायला येता?"

"आपल्याकडं किती हाय ते कळाया नको?" अप्पा म्हणाले आणि मांडीवर थाप मारून मैदानात गेले.

दम्याला ते 'पाहुणा' म्हणत. छातीत शिट्टी वाजायला लागली की हाक मारत, "पाहुणा आलाय हो! चहा टाका, कडक. बसवून घेऊ त्याला." आधी ते गोळ्या घ्यायचे. त्या गोळ्यांनी हात असे थरथरत की बशीतला चहा समोरच्याच्या अंगावर. मग डॉक्टरांनी पंप दिला. तो मिळायचा हैदराबादेत, आणि यायचा कुणी येणारा-जाणारा असेल तेव्हा. त्या काळी आमच्याकडे समजूत अशी, की पंप लागला म्हणजे माणूस चालला. म्हणून अप्पा तो तंबाखूच्या चंचीत लपवत. तंबाखू खात नसताना चंची कशाला, हे कुणी विचारलं नाही. आमच्या भागात चंची असणं हेच सज्जनपणाचं लक्षण.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा म्हणजे नवा कलेक्टर, नव्या पाट्या, आणि आमच्या दृष्टीनं जिल्ह्याचा स्वतःचा कबड्डी संघ. पहिला सामना नांदेडशी, अहमदपुरात. अप्पा कप्तान. त्या दिवशी सकाळी मी त्यांना बोलवायला गेलो तर पातेल्यात बाटली कलली होती. पार आडवी नव्हती, पण आडवं व्हायला जागा शोधत होती.

"अप्पा, नवा पंप?"

"सोमवारी येतोय हैदराबादहून."

"मग आज खेळू नका."

"सात-आठ फवारे असतील. मला पुरे. कुणाला बोलू नको." त्यांनी पाणी बेलाला घातलं.

मैदानाची हालत विचारू नका. कबड्डीच्या मैदानावर पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर फुफाटा उडतो. पण प्यायलाच पाणी नाही तिथं शिंपडणार काय? पहिल्या डावात एवढी धूळ उडाली की मी आमच्याच माणसाचा पाय धरला. मध्यंतराला अप्पांच्या छातीतली शिट्टी पंचांच्या शिट्टीला उत्तर देत होती. ते पाठ फिरवून बसले, चंची उघडली, पंप तोंडाला लावला आणि फस्स केलं.

ते नांदेडच्या कप्तानानं बघितलं. हा दिगंबर, इस्लापूरचा. सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली उभा राहून श्वास कोंडायचा सराव करणारा. छाती एवढी की सदरा दोघांच्या मापाचा वाटावा.

"पंच! ओ पंच! हा माणूस नशा करून राहिला!"

"दम्याचं औषध हाय बाबा," अप्पा म्हणाले. "नळ्या आवळल्या की सैल करतंय."

"म्हंजे तुमच्या नळ्या सैल, अन् आमच्या देवानं दिल्या तेवढ्याच? हा कुठला न्याय हाय?"

पंच म्हणजे निवृत्त हेडमास्तर. न्यायाचं नाव काढलं की त्यांच्या अंगात येई. त्यांनी पंप हातात घेऊन उलटासुलटा केला, हुंगला, आणि निकाल दिला, "एकतर दोन्ही बाजूंनी घ्यायचं, नाहीतर लातूरचा संघ बाद."

मी ओरडलो, "गुरुजी, त्यात उरलंय किती ते तरी..." अप्पांनी माझा हात असा दाबला की बांगडी असती तर फुटली असती.

"द्या त्यांना," ते म्हणाले. "जिल्ह्याचा पहिलाच सामना हाय. बसून हरायचं न्हाई."

मग नांदेडकर रांगेत उभे राहिले, प्रसादाला राहतात तसे. एकानं ओढायच्या जागी फुंकलं. एकाला ठसका लागला. एक म्हणाला, "लई कडू हाय." शेवटच्याला नुसती हवा आली. दिगंबरनं आधीच दोनदा घेतला होता. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "काळीज हलगीवानी वाजून राहिलं रे!" गर्दी हसत होती. मी रिकामा पंप चंचीत ठेवला.

दुसऱ्या डावात नांदेडकरांचे हात लटपटत होते आणि आमचे गुण वाढत होते. शेवटी बरोबरी झाली. शेवटची चढाई उरली. अप्पा उठले. मी म्हणालो, "मी जातो." ते म्हणाले, "तू गेलास तर सामना सोमवारपर्यंत चालंल."

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." पहिल्या रेघेपर्यंत आवाज खणखणीत होता. मग आवाजात शिट्टी आली. मग शिट्टीच उरली, आवाज गेला. दिगंबरनं झेप घेऊन मागून त्यांच्या कंबरेला मिठी मारली. नांदेडची माणसं ओरडली, "धर! सोडू नको!" अप्पा पालथे, हात मधल्या रेघेकडे ताणलेला. दिगंबरचं डोकं त्यांच्या पाठीवर होतं. आत काय वाजतंय ते त्याला ऐकू आलं असणार. त्यानं मान वर करून अप्पांचा चेहरा बघितला. ओठ जांभळे पडले होते.

त्यानं मिठी सोडली.

"पंप!" तो माझ्याकडे बघून ओरडला. मी पंप आणला. अप्पांनी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. दिगंबरनं पंप हिसकावून झटकला, दाबला, आणि मग त्याला कळलं. असा चेहरा मी नंतर कधी बघितला नाही.

कुणीतरी अप्पांना आडवं करायला लागलं. अप्पा हातानं खुणावत होते, नको, नको. आडवं केलं की दम्याचा माणूस बुडतो. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. समोर वाहन एकच, पाण्याचा टँकर, नुकताच आलेला, भोवती बायांची रांग. ड्रायव्हर म्हणाला, "पाणी वाटल्याबिगर न्हाई हलणार. बाया जीव घेतील माझा."

रांगेतली पहिली बाई घागर आपटून म्हणाली, "माणूस निळा पडलाय, दिसंना का मेल्या? चालव! आम्ही कुठं पळून चाललो?"

टँकरवर दिगंबर बसला आणि त्यानं अप्पांना छातीशी टेकवून ताठ धरलं. "अप्पा, श्वास घ्या. घ्या की हो. माझ्याबरोबर घ्या." तो मोठ्यानं श्वास ओढत होता, जणू दोघांचा तोच घेणार. मी मागून धावत होतो. टँकर हिंदकळत होता, रस्ताभर पाणी सांडत होतं, आणि त्या दुष्काळात एकही माणूस पाण्याकडे बघत नव्हता.

डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, हळूहळू, मुंगीच्या चालीनं. पंपाची हकीगत ऐकून दिगंबरला म्हणाले, "हे काय सरबत आहे का वाटून प्यायला?" दिगंबर भिंतीला टेकून खाली बसला. पुष्कळ वेळानं अप्पांची शिट्टी मंदावली. डोळे उघडून ते म्हणाले, "पाहुण्याला पोचवायला तुमीच आलात म्हणायचं." दिगंबर हुंदके देऊन रडला.

सामना कोण जिंकलं? लातुरात विचारा, लातूर म्हणतील. नांदेडात विचारा, नांदेड. पंच स्वतः टँकरमागं पळाले होते, त्यामुळे निकाल कुणी दिलाच नाही.

त्यानंतर अप्पांचा सामना कुठंही असो, दिगंबर यायचा. दमा नसलेला माणूस खिशात पंप बाळगायचा. सामन्याआधी कुणाकडून तरी पाणी मागून बाटली सोडायचा, ती बुडाली की पंचांना म्हणायचा, "हाव, आता चालू करा." पुढं दोघांच्याही गुडघ्यांनी रजा घेतली, पण येणं-जाणं सुटलं नाही.

अप्पा गेले ते म्हातारपणी, झोपेत, बसल्या बसल्या. दिगंबरला आजारपणाचा निरोप मिळाला होता, जाण्याचा नाही. इस्लापूरहून एसटी बदलत तो पोचला तेव्हा आम्ही सगळं उरकून आलो होतो. तो ओट्यावर बसला. म्हणाला, "पातेलं आना."

मी पाणी भरून आणलं. त्यानं खिशातून नवा पंप काढला, बाटली सोडली. ती सरळ तळाला गेली.

"भरलेला हाय," दिगंबर म्हणाला.

आम्ही दोघं बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. मग त्यानं पातेलं उचललं आणि पाणी बेलाला घातलं.